उलट्या धावजीचं इमान

१

दगड कोरून तयार झाला हे उज्ज्वलाला घरच्या कोणी सांगितलंच नाही. ती दिग्रसच्या एस्टीतून उतरली, पानठेल्यावर पाण्याची बाटली घ्यायला थांबली, तेव्हा ठेलेवाला हसत हसत म्हणाला की मॅडम, तुमच्या आजोबाचं नाव दगडावर आलं. तिला वाटलं, चला, उशिरा का होईना गावाला अक्कल आली. ग्रामपंचायतीच्या ओट्याला टेकवून ठेवलेला तो काळा दगड तिनं वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दगडावर लिहिलं होतं की सन १९३६ मध्ये या माळावर टपालाच्या विमानांना बिनतारी यंत्रावरून दिशा सांगण्याचं ठाणं होतं, आणि मदतनीस धावजी याने उलट दिशा सांगितल्यामुळे कलकत्त्याहून निघालेलं विमान चुकून केळापूरजवळ कोसळलं व दोघे दगावले.

गावात विमानाला तेव्हा इमान म्हणत. त्यामुळं धावजीचा विषय निघाला की लोक एवढंच म्हणायचे, ‘त्यानं इमान चुकवलं.’ त्यातलं कोणतं इमान घ्यायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. नव्वद वर्षं झाली, घराण्याचं राठोड हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं, बाकी सगळीकडं ‘उलट्याचे’. तिच्या बापानं याच नावापायी चौथीतून शाळा सोडली. ती स्वतः यवतमाळच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा वर्ग वीस वर्षं शिकवते, पोरं तिला वचकून असतात, पण गावच्या लग्नात पंगतीत बसली की कोणीतरी कानाशी कुजबुजतंच, ‘ते पाह्य, उलट्याची नात.’ आणि आता हे दगडावर. म्हणजे तांड्यातल्या पोरांनी यापुढं येता-जाता वाचायचं.

ती तडक सदाशिवरावांच्या घरी गेली. सदाशिवराव म्हणजे पंधरा एकर कपाशी-तुरीचा मालक, सरळ माणूस, फक्त म्हातारपणी जुन्या कागदांचा नाद लागलेला. दिल्लीच्या पुतण्याकडून त्यांनी त्या ठाण्याच्या दप्तराच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. ते वाईट असते तर बरं झालं असतं, तिला निदान मनसोक्त भांडता आलं असतं. त्यांनी तिला चहा दिला आणि कागद पुढं ठेवला.

“मले तुमच्या घराशी काही वाकडं नाही, मॅडम,” ते म्हणाले. “कागद जे बोलते ते म्या कोरलं. एक तारखेले झेंडा झाला की दगड बसते. त्याच्या आधी तुमी पुरावा आना, म्या सोता छन्नी घेऊन पुसतो.”

“आणते,” ती म्हणाली, आणि कागद घेऊन, चहा तसाच ठेवून उठली. हातात चार दिवस होते.

२

तिचा हिशेब साधा होता. ठाण्याची खोली अजून उभी होती, तांड्यामागच्या ‘इमानाच्या वावरात’. पत्र्याचं एकच दार, खिडकी नाही, आत सोसायटीच्या खताच्या पोत्यांचा उग्र वास. छपरातून एक लोखंडी दांडा वर गेलेला आणि त्याच्या टोकाला बैलगाडीच्या चाकाएवढं कडं. गाव त्याला बांगडी म्हणतं. दांड्याचं खालचं टोक आत टेबलापाशी उतरतं, तिथं बांगडी फिरवायचं चाक, आणि चाकाखाली शून्य ते तीनशे साठ आकड्यांची पितळी तबकडी. सगळं सिमेंटात गाडलेलं, म्हणून भंगारवाल्यांच्या तावडीतून वाचलेलं.

ही बांगडी मोठी विचित्र चीज. बाकीचे एरियल आवाज पकडायला लावतात, हिनं आवाज मारायचा असतो. चाक फिरवत जायचं, विमानातल्या बिनतारीचा आवाज बारीक बारीक होत जातो आणि एका जागी मरतो. आवाज जिकडं मरतो तिकडं माणूस असतो. तबकडीवर तो आकडा वाचायचा. विमान पूर्वेला असेल तर त्यानं आपल्याकडं यायला पश्चिम धरायला हवी, म्हणून आकडा उलटून सांगायचा. केळापूर इथून पूर्वेला, शहाण्णववर. तिकडच्या विमानाला सांगायचं दोनशे शहात्तर. धावजीनं शहाण्णवला शहाण्णवच सांगितलं. उलटलं नाही म्हणून जन्मभर उलट्या, हा न्याय.

उज्ज्वलाचं म्हणणं असं की तबकडीच ठाण्याच्या साहेबानं उलटी बसवली असणार. त्या दिवशी साहेब तापानं फणफणला होता, धावजी एकटा यंत्रावर. ज्याला स्वतःच्या नावाची सही येत नव्हती, पण कट्टकडकट्टची सगळी भाषा नुसत्या कानानं शिकला होता, तो माणूस एवढी ढोबळ चूक करेल? साहेबानं आपलं पाप गरिबाच्या माथी मारलं. तबकडी खोटी निघाली की दगड खोटा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपला रिसीव्हर आणि वायरींची पिशवी घेऊन निघाली तर बिजलीबाई काठी टेकत मागं आली. बिजलीबाई तिची आत्या, धावजीची लेक, सत्त्याऐंशीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बापाची खोली एकदा बघायची म्हणाली. पण उंबऱ्यापाशी आली आणि आत काही गेली नाही. बाहेर निंबाच्या सावलीत वावराकडं तोंड करून बसली.

“बा इथं कसा बसत असंल,” ती म्हणाली. “दाराकडं पाठ होते इथं.”

हे खरं होतं. धावजी घरात कधी दाराकडं पाठ करून बसला नाही. जेवायला भिंतीला टेकून, निजायला भिंतीला टेकून. आणि दुसरी खोड म्हणजे, रस्त्यानं जाताना मागून कोणी वाट विचारली तर मान न वळवता उलटी दाखवायचा. दिग्रस विचारलं तर पुसदकडं हात. लोक मुद्दाम मागून जाऊन विचारायचे आणि खदखदून हसायचे.

“हसे लोकं,” बिजलीबाई म्हणाली. “पन तो आपल्या लोकाइचा कायदा हाय, छोरी. बैलं लादून हिंडायचे तवाचा. पाठीमागून वाट पुसनाऱ्याचं तोंड पाह्यलं नसंल, त त्याले बराबर वाट सांगू नोको. उलटी सांगावं अन् आपन पुढं चालावं.”

उज्ज्वलाचं डोकंच फिरलं. असल्याच कायद्यांपायी लोकांना बोलायला जागा मिळते, असं ती फाडफाड बोलली. “आजपासून कोनी वाट पुसली, मागून पुसो का पुढून, त बराबर सांगायची, आत्या. गावाले दाखवून देऊ. ऐकलं काय?”

“बरं,” बिजलीबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

३

चाक गंजलेलं होतं. तेल सोडून, शिव्या घालून, तासाभरात ते फिरायला लागलं. उज्ज्वलानं बांगडीची टोकं रिसीव्हरला जोडली, पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती ते कळावं म्हणून एक उभी तार बाहेर बांबूला बांधली, आणि नागपूरचं आकाशवाणी केंद्र लावलं. इथून नागपूर ईशान्येला, पन्नासवर. तबकडी उलटी असेल तर काटा दोनशे तीस दाखवणार. एवढं मोबाईलवर टिपायचं आणि सदाशिवरावांच्या तोंडावर मारायचं.

तिनं चाक फिरवलं. भक्तिगीत लागलं होतं. ते बारीक झालं आणि मेलं. काटा पन्नासवर.

तिनं पुन्हा फिरवलं. पन्नास. उभी तार काढून लावली, जोडण्या बदलल्या, अकोल्याचं केंद्र लावलं. सगळं जिथल्या तिथं. तबकडी खरी होती, नव्वद वर्षांनीसुद्धा केसाचाही फरक नाही.

तिनं हेडफोन टेबलावर आपटला. आज्याचा राग आला, साहेबाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. म्हणजे त्यानं खरंच चूक केली होती. दोन माणसं मेली होती, आणि तिच्या बापानं, आत्यानं, तिनं जे सोसलं ते फुकट नव्हतं, रीतसर होतं. बाहेरून बिजलीबाईनं विचारलं की काय निघालं. उज्ज्वला पिशवी आवरायला लागली.

४

हेडफोन पिशवीत टाकायच्या आधी तिनं चाळा म्हणून रिसीव्हरची मूठ खाली नेली, अगदी तळाच्या पट्टीत. तिथं आता कोणी नसतं. ती पट्टी जुन्या विमानांची. खरखर असायची ती खरखर होती, आणि तिच्या तळाशी कोणीतरी ठोकत होतं.

डा-डा-डिट-डा. डा-डिट-डिट. डा-डा.

तिला वाचायला कागद लागत नव्हता. क्यू, डी, एम. त्या जमान्यातल्या विमानवाल्यांचा ठरलेला सवाल, ‘तुमच्याकडं यायला कोणती दिशा धरू?’ आणि मग, दिशा मोजता यावी म्हणून, एक लांबच लांब डा. मोबाईलमध्ये चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

कोणी हौशी असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. हौशी रेडिओवाले जुने खेळ खेळतात. हात मात्र आपोआप चाकावर गेला. तिनं चाक फिरवलं, डा बारीक झाला आणि मेला.

शहाण्णव.

चार पंचवीसला पुन्हा तोच सवाल आला. चार चाळीसला पुन्हा. हात तोच होता, हे तिला ओळखू आलं. ठोकणाऱ्याची लकब असते, बोलण्याच्या लकबीसारखी. हा शेवटचा डा जरा ओढायचा, दम लागल्यासारखा. पिशवीतली सदाशिवरावांची झेरॉक्स तिनं काढली. धावजीच्या दिवशीच्या वेळा त्यावर ओळीनं होत्या, चार दहा, चार पंचवीस, चार चाळीस.

आता तिला भीती वाटायला हवी होती. पण ती संतापली. वेळासुद्धा त्याच? म्हणजे कागद पाहिलेल्यानं केलेलं काम. कोणीतरी केळापूरच्या बाजूला बसून तिची टर उडवत होतं, आणि तिच्याखेरीज तो कागद गावात एकाच माणसाकडं होता. तिनं सदाशिवरावांना फोन लावला आणि हॅलो म्हणू न देता सुरू झाली. ते दिग्रसला दातांच्या डॉक्टरकडं रांगेत बसले होते. त्यांना बिनतारी म्हणजे काय हेच धड माहीत नव्हतं.

“मॅडम, तुमी उन्हातून घरी जा,” ते कळकळीनं म्हणाले. “अन् आइका, पुतण्यानं आजच आनखी दोन कागद धाडले. घरी गेलो का पाहून सांगतो.”

५

ती घरी गेली, पण दुसऱ्या दिवशी तीन वाजताच परत आली. बिजलीबाई काही न विचारता मागून आली आणि निंबाखाली बसली.

उज्ज्वलाला टवाळखोर पकडायचा होता. चार दहा झाले. डा-डा-डिट-डा. तिनं चाक फिरवलं, शहाण्णव. तिनं बांगडीची वायर काढून टाकली. आता आवाज जायला हवा. नाही गेला. रिसीव्हर बंद केला. कानात नुसतं बाहेरच्या पारव्यांचं घुमणं आलं, एवढंच, आणि त्याच्या तळाशी, अगदी लांबून, तो शेवटचा ओढलेला डा. तिनं हेडफोन काढला. तरी तो होताच.

बॅटरीत उरलेला प्रवाह असेल, छपराचा पत्रा वाजत असेल, कान वाजत असतील. वीस वर्षं पोरांना तिनं हेच शिकवलं होतं की आधी जोडणी तपासा, मग भूत म्हणा. तिनं जोडणी तपासली. जोडणीच नव्हती.

“कोण बे तू?” ती खोलीत मोठ्यानं म्हणाली.

चार पंचवीस. तोच सवाल. ‘तुमच्याकडं यायला कोणती दिशा धरू?’

टेबलावर धावजीची पितळी की होती, पोस्टात तारा ठोकायला असायची तसली. तिच्या वायरी तांब्यापायी कोणी कधीच कापून नेल्या होत्या. खाली स्क्रूशिवाय काही उरलं नव्हतं. त्या कीवर काही ठोकलं तर ते टेबलापलीकडं जाणार नाही, हे उज्ज्वलाला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिनं ते केलं. नव्वद वर्षांचा राग कुठंतरी काढायचा होता. घे, उलट्याच्या घरून बरोबर उत्तर घे एकदाचं.

तिनं ठोकलं. दोन. सात. सहा.

पलीकडून लगेच डिट-डा-डिट आलं. पोचलं.

६

चार चाळीसची वाट त्यानं पाहिली नाही. चार तीसलाच पुन्हा विचारलं, आणि यावेळी ते पारव्यांच्या आवाजाच्या वर होतं. मग चार तेहेतीसला. उज्ज्वलाचा हात कीवर तसाच होता. तिनं काही ठोकलं नाही. त्याला आता विचारायचं नव्हतंच, तो नुसता लांब डा सोडत येत होता.

मोबाईल वाजला तेव्हा तिच्या हातून पडता पडता राहिला. सदाशिवराव होते. 

“मॅडम, माफी करा. तुमचंच खरं होतं. केळापुरातून आलेल्या तारेची नक्कल सापडली. इमान चार वीसलेच पडलं होतं. दोघंबी जागच्या जागी गेले. ती तार ठाण्यात चार पन्नासले पोचली. अन् दुसऱ्या कागदात हाय, पयले तीनदा धावजीबुवानं बराबरच सांगतलं, उलटं सांगतलं ते चार पंचावन्नपासून पुढं. पडलेल्या इमानाले ते काय चुकवतीन? साहेबानं खोटं लिवलं, मॅडम. दगड बदलतो म्या.”

घराण्याच्या तीन पिढ्यांनी ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे वाक्य. ते कानात आलं, आणि उज्ज्वला झेरॉक्सकडं बघत राहिली. वेळा आणि आकडे तिनं शंभर वेळा वाचले होते. शेवटचा रकाना वाचला नव्हता. तो आवाजाचा होता, साहेबानं धावजीला विचारून मागाहून भरलेला. चार दहा, क्षीण. चार पंचवीस, मध्यम. चार चाळीस, मोठा.

चार वीसला विमान पडलं होतं.

मग तार आली होती. आणि तारेनंतर धावजीनं, टेबलाच्या पलीकडं सरकून, भिंतीला पाठ लावून, दोन्ही डोळे दारावर ठेवून, उलटा आकडा ठोकला होता. चार पंचावन्न, शहाण्णव, मोठा. पाच दहा, शहाण्णव, मध्यम. पाच पंचवीस, शहाण्णव, क्षीण. दिवस मावळेपर्यंत तो एकटा ठोकत बसला होता. त्यानं ते हाकलून लावलं होतं. आणि कोणाला एक अक्षर न सांगता, जन्मभर उलट्या म्हणवून घेत, प्रत्येक मागून विचारणाऱ्याला तो पुसदकडं हात दाखवत राहिला होता.

“मॅडम? आइकून राह्यल्या न? दगडावर काय लिवू ते सांगा. इमान चुकवलं नाही, असं लिवू?”

“चुकवलं,” उज्ज्वला म्हणाली.  “चुकवलं म्हणूनच लिहा, सदाशिवराव. जाणूनबुजून चुकवलं. दगड हाय तसाच राहू द्या.”

७

फोन तिनं टेबलावर ठेवला आणि की दाबली. नऊ, सहा. नऊ, सहा. शहाण्णव, शहाण्णव, परत जा. घामानं बोटं पितळेवरून सटकत होती. पलीकडून पोचल्याची खूण आली नाही.

तिनं चाक धरलं. तो निदान कुठं आहे ते तरी कळावं. शहाण्णववर आवाज नव्हता. तिनं चाक पुढं नेलं. शंभरवर नव्हता, दीडशेवर नव्हता, दोनशे शहात्तरवर नव्हता. पूर्ण फेरा झाला. पोरांना शिकवलेलं तिला आठवलं, की एका बाजूला आवाज मेला तर तो त्या बाजूला असतो, आणि सगळीकडून मेला तर तो डोक्यावर असतो, किंवा पोचलेला असतो.

दाराच्या चौकटीतून आत पडलेलं पावणेपाचचं ऊन टेबलापर्यंत यायचं. मघाशी ते तिच्या हातावर होतं. ते आता तिच्या हातावर नव्हतं. खताच्या वासात दुसरा एक वास मिसळला, तापलेल्या इंजिनाचा आणि जळक्या कातड्याचा. पारवे कधी थांबले ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाहेर निंबाखाली काठी सरकल्याचा आवाज झाला. बिजलीबाईला वावराशिवाय काही दिसत नव्हतं, आणि तेही धूसर. तिच्या पाठीमागून तिला कोणीतरी काही विचारलं असावं. काय विचारलं ते उज्ज्वलाला ऐकू आलं नाही. म्हातारी जराशी थांबली. बापाचा तो जुना कायदा तिच्या ओठांवर आला असणार, आणि मग काल भाचीनं बजावलेलं आठवलं असणार.

“आत्या, नोको,” उज्ज्वलानं म्हणायचा प्रयत्न केला. 

“बराबर आला, बाप्पा,” बिजलीबाई बाहेर मायेनं सांगत होती. “असाच सरळ जाय. ती आतमंदीच हाय.”

पत्र्याचं दार थोडं करकरलं. उज्ज्वलाची पाठ दाराकडं होती.